क्रॅप्समध्ये शूटरच्या विरुद्ध बाजूने: ‘डोन्ट पास’ नीट कसं खेळायचं

कॅलिफोर्नियात घर असलं की भारतातून आलेल्या पाहुण्यांना लास वेगास दाखवणं ओघानेच येतं. ग्रँड कॅन्यनला जाताना किंवा येताना तिथे एक मुक्काम होतोच. मागच्या खेपेला मामा आले होते. कॅसिनोतून फिरताना ज्या टेबलावर सगळ्यात जास्त गलका होता तिथे ते थांबले. दहा-बारा माणसं कठड्याला टेकून उभी होती. एकजण फासे फेकत होता आणि प्रत्येक फेकीला टाळ्या, शिट्ट्या, नाहीतर एकदम सुस्कारा. मी टेबलाच्या कोपऱ्यात जागा धरली आणि चिपा लावल्या. थोड्या वेळाने सगळे एकदम हळहळले आणि डीलरने माझ्यापुढे चिपा ठेवल्या. मामा कानाशी येऊन म्हणाले, “अगं, सगळे हरले आणि तू कशी जिंकलीस?”

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हा लेख. क्रॅप्स या कॅसिनोतल्या फाशांच्या खेळात बहुतेक लोक फासे फेकणाऱ्याच्या, म्हणजे शूटरच्या बाजूने पैसे लावतात. त्याच टेबलावर, तेवढ्याच नियमात बसणारी उलटी पैजही आहे. तिचं नाव ‘डोन्ट पास’. ती लावणाऱ्याला टेबलावरची मंडळी ‘राँग बेटर’ म्हणतात, कुणी ‘डार्क साइड’ म्हणतं. नावं कितीही काळी असली तरी हिशोबाने ही पैज टेबलावरच्या बहुतेक पैजांपेक्षा चांगली आहे. तरीही कॅसिनोचा वाटा, म्हणजे लावलेल्या पैशांतला सरासरीने कॅसिनोकडे जाणारा भाग, तिच्यातही आहे, तो कुठल्याच युक्तीने शून्य होत नाही, हे मनात ठेवूनच पुढे वाचा.

आधी फासे

सोंगट्या खेळलेल्या माणसाला ‘दान’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. क्रॅप्समध्ये दोन फासे असतात, म्हणजे ३६ तऱ्हेची दानं. त्यातला सात ६ तऱ्हांनी पडतो: एक-सहा, दोन-पाच, तीन-चार आणि हेच उलटे. सहा आणि आठ प्रत्येकी ५ तऱ्हांनी, पाच आणि नऊ ४ तऱ्हांनी, चार आणि दहा ३ तऱ्हांनी. तीन आणि अकरा २ तऱ्हांनी, दोन आणि बारा फक्त एकाच तऱ्हेने. एवढं पाठ झालं की बाकीचा सगळा हिशोब तुम्ही स्वतः मांडू शकता, आणि मांडावाच. घरी दोन फासे घेऊन शंभर वेळा फेका आणि वहीत लिहा. सात किती वेळा येतो ते डोळ्यांनी पाहिलं की टेबलावर घाबरायला होत नाही.

खेळाचे दोन टप्पे असतात. पहिली फेक म्हणजे ‘कम-आउट’. त्यात सात किंवा अकरा आला की शूटरच्या बाजूचे, म्हणजे ‘पास लाइन’वाले, लगेच जिंकतात. दोन, तीन किंवा बारा आला की ते लगेच हरतात. बाकी काहीही आलं, म्हणजे ४, ५, ६, ८, ९, १०, तर तो आकडा ‘पॉइंट’ होतो. मग शूटर पुन्हा पुन्हा फेकत राहतो. पॉइंट आधी आला तर पास लाइनवाले जिंकतात. सात आधी आला तर ते हरतात आणि फासे पुढच्या माणसाकडे जातात. त्याला ‘सेव्हन आउट’ म्हणतात.

डोन्ट पास म्हणजे याचंच उलटं, फक्त एका ठिकाणी वेगळं. कम-आउटला सात किंवा अकरा आला की आपण हरतो. दोन किंवा तीन आला की जिंकतो. बारा आला तर मात्र जिंकत नाही, हरतही नाही, चिपा जागेवर राहतात. पॉइंट ठरल्यावर सात आधी आला तर आपण जिंकतो, पॉइंट आधी आला तर हरतो. जिंकलं तर लावले तेवढेच वर मिळतात.

ते बारा कशासाठी

टेबलावरच्या हिरव्या कापडावर डोन्ट पासच्या पट्टीत ‘बार’, म्हणजे वर्ज्य, हा शब्द आणि शेजारी सहा-सहाच्या दोन फाशांचं चित्र छापलेलं असतं. नवखे लोक त्याच्याकडे बघत नाहीत, पण कॅसिनोचा सगळा धंदा त्या चित्रात आहे.

पास लाइनवर कॅसिनोचा वाटा १.४१ टक्के असतो. डोन्ट पास जर अगदी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी असती, तर तेवढाच फायदा आपल्याला झाला असता आणि कॅसिनोला टेबल बंद करावं लागलं असतं. म्हणून बारा हे दान आपल्या जिंकण्यातून काढून घेतलंय. ३६ पैकी एक दान म्हणजे २.७८ टक्के. त्यातून १.४१ वजा केले की, पुढचे दशांश धरून, १.३६ टक्के उरतात. हा डोन्ट पासमधला कॅसिनोचा वाटा. पास लाइनपेक्षा तो किंचित कमी आहे. दीडशे डॉलरच्या पैजांवर फरक जेमतेम सात-आठ सेंटांचा पडतो, म्हणून ‘डोन्ट पासने जास्त जिंकता येतं’ असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. फरक आकड्यात कमी आणि खेळाच्या चालीत जास्त आहे. ती चाल पुढे सांगते.

नेवाडाच्या काही भागांत, रेनो आणि लेक टाहोकडे, बाराऐवजी दोन हे दान बार केलेलं असतं. दोन आणि बारा दोन्ही एकाच तऱ्हेने पडत असल्याने हिशोब तोच राहतो. पण कुठे एक-दोनचं चित्र दिसलं, म्हणजे तीन बार केलेला असला, तर तिथे उभं राहू नका. तीन दोन तऱ्हांनी पडतो, त्यामुळे कॅसिनोचा वाटा एकदम तिप्पट होतो. आणि ‘क्रॅपलेस’ असं लिहिलेलं टेबल असेल तर तिथे डोन्ट पास नसतेच.

शूटरच्या विरुद्ध लावायची सोय टेबलावर आणण्याचं श्रेय जॉन विन या फासे बनवणाऱ्याला दिलं जातं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी कॅसिनोत फक्त शूटरच्या बाजूने पैसे लावता येत आणि खोटे फासे आणणाऱ्यांचं फावत असे. दोन्ही बाजूंनी लावता येऊ लागल्यावर खोट्या फाशांचा तोटा कॅसिनोइतकाच दुसऱ्या बाजूच्या खेळाडूंनाही होऊ लागला आणि टेबलावर लक्ष ठेवणारे डोळे वाढले. म्हणून आपली पैज खेळाच्या विरुद्ध आहे असं मानायचं कारण नाही. ती नसती तर हा खेळ आजच्या रूपात उरला नसता.

टेबल निवडणं आणि उभं राहणं

टेबलाच्या आतल्या भिंतीवर एक छोटी पाटी असते. तिच्यावर कमीत कमी किती लावायचे ते आणि ‘ऑड्स’, म्हणजे मूळ पैजेला नंतर जोडायचे पैसे, किती पट चालतात ते लिहिलेलं असतं. स्ट्रिपवरच्या, म्हणजे वेगासच्या मुख्य रस्त्यावरच्या, मोठ्या हॉटेलांत संध्याकाळी १५ किंवा २५ डॉलर किमान असतं. डाउनटाउनला फ्रीमाँट स्ट्रीटवर आणि सकाळच्या वेळी कमी मिळतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने सकाळीच जावं. टेबलावर माणसं कमी असतात आणि डीलर बोलायला मोकळे असतात.

नोटा डीलरच्या हातात देऊ नका. तो हातात घेतही नाही. दोन फेकींच्या मधे, फासे टेबलाच्या मधोमध असताना, नोटा कापडावर ठेवा आणि ‘चेंज ओन्ली’ म्हणा. हे दोन शब्द म्हटले नाहीत तर तो पैसा पैज समजला जाण्याचा धोका असतो. चिपांचे रंग साधारण ठरलेले: पांढरी १ डॉलर, लाल ५, हिरवी २५, काळी १००. पुढे लागणाऱ्या हिशोबासाठी थोड्या पांढऱ्या मागून घ्या.

टेबलामागे मधे काठी घेऊन उभा असतो तो ‘स्टिकमन’. फासे त्याच्या ताब्यात, आकडाही तोच पुकारतो. समोर दोन्ही बाजूंना एकेक डीलर असतो, त्यातला तुमच्या बाजूचा तुमचे पैसे बघतो. बऱ्याच टेबलांवर त्या दोघांच्या मधे बसलेला ‘बॉक्समन’ही असतो. तुमच्या डीलरला पहिल्याच वेळी सांगा की नवीन आहे आणि डोन्ट खेळणार आहे. मी कित्येक टेबलांवर उभी राहिले, डीलरने यावरून तोंड वाकडं केलेलं एकदाही पाहिलं नाही. तोंड वाकडं होतं ते शेजारच्या खेळाडूचं.

शूटरने फासे उचलले की हात कठड्याच्या वर घ्या. फासा कुणाच्या हाताला लागला आणि सात आला तर सगळं टेबल त्या माणसाकडे बघतं, आणि तो माणूस डोन्टवाला असेल तर विचारूच नका.

पहिली पैज

डीलरजवळ वाटोळी चकती असते. काळी बाजू वर आणि ‘ऑफ’ लिहिलेलं दिसत असेल तर कम-आउट यायचा आहे. चकती पांढरी, ‘ऑन’ लिहिलेली आणि कुठल्यातरी आकड्याच्या चौकोनावर असेल तर पॉइंट ठरलेला आहे. डोन्ट पास लावायची ती ‘ऑफ’ असतानाच. पॉइंट ठरल्यावर ती लावू देत नाहीत. का, ते लगेच कळेल.

पास लाइनच्या आतल्या अंगाला अरुंद पट्टी असते, ‘डोन्ट पास बार’. १५ डॉलरच्या टेबलावर तीन लाल चिपा तुमच्या समोरच्या भागात तिच्यावर ठेवा. एवढंच.

कम-आउटला आपली बाजू लंगडी असते. ३६ पैकी ८ दानं आपल्याला हरवतात, फक्त ३ जिंकवतात. पहिल्याच फेकीला सात आला, पुन्हा सात, मग अकरा, असं झालं की ४५ डॉलर पाच मिनिटांत जातात आणि शेजारचे सगळे आनंदाने ओरडत असतात. इथे पुष्कळ जण वैतागून बाजू बदलतात. बदलू नका, कारण पैजेचा खरा मोबदला अजून पुढे आहे.

पॉइंट ठरला की पारडं उलटतं. पॉइंट चार किंवा दहा असेल तर तो ३ तऱ्हांनी पडतो आणि सात ६ तऱ्हांनी, म्हणजे तीनपैकी दोनदा आपण जिंकणार. पाच किंवा नऊ असेल तर दहापैकी सहा वेळा. सहा किंवा आठ असेल तर अकरापैकी सहा वेळा. सगळे पॉइंट धरून बघितलं तर पॉइंट ठरल्यानंतर डोन्ट पास साधारण ५९ टक्के वेळा जिंकते. म्हणून तर पॉइंट ठरल्यावर नव्याने लावू देत नाहीत.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पॉइंट ठरल्यावर डोन्ट पासची चिप उचलून घ्यायची परवानगी असते. पास लाइनवाल्याला ती नसते. कॅसिनो आपल्याला इतकी मोकळीक का देतो? कारण त्या क्षणी चिप उचलणं म्हणजे कॅसिनोला पैसे परत देणं.

मी हे केलंय. वर्षांपूर्वी डाउनटाउनच्या एका कॅसिनोत १० डॉलर डोन्ट पासवर होते, पॉइंट दहा ठरला. शेजारी एक धिप्पाड माणूस होता. त्याने माझ्या चिपांकडे आणि मग माझ्याकडे अशी नजर टाकली की मला ओशाळल्यासारखं झालं आणि मी चिपा उचलल्या. डीलरने काही न बोलता मान हलवली. त्या दोन लाल चिपांची त्या घडीची किंमत खरं तर १३ डॉलर ३३ सेंट होती, कारण तीनपैकी दोन वेळा त्यांचे वीस होणार होते. मी त्या १० ला विकल्या. पुढे काय आलं ते आता आठवत नाही, आणि त्याने फरकही पडत नाही. पॉइंट आला असता तरी उचलणं चूकच होतं. कम-आउटचा धोका तुम्ही आधीच सोसलेला असतो, त्याचा मोबदला घ्यायची वेळ आली की हात मागे घ्यायचा नाही. डोन्ट पास खेळणाऱ्याने दुसरं काहीच शिकलं नाही तरी चालेल, एवढं शिकावं.

ऑड्स ‘ले’ करणं

पॉइंट ठरल्यावर मूळ पैजेला आणखी पैसे जोडता येतात. त्याला ऑड्स म्हणतात. आपल्या बाजूने जोडताना ‘ले’ करणं म्हणतात, कारण आपण जिंकायची शक्यता जास्त असल्याने जास्त लावून कमी मिळवायचं असतं. चार-दहावर २ लावले की १ मिळतो. पाच-नऊवर ३ लावले की २. सहा-आठवर ६ लावले की ५. हे भाव अगदी खऱ्या शक्यतेइतके आहेत, त्यामुळे ऑड्सवर कॅसिनोचा वाटा शून्य. कॅसिनोत अशी पैज फार क्वचित सापडते.

हिशोब असा. तुमचे डोन्ट पासवर १५ आहेत, पॉइंट सहा आहे. मूळ पैजेइतकेच, म्हणजे १५, ऑड्सवर जिंकायचे असतील तर १८ लावायचे. पॉइंट नऊ असेल तर २२.५० लागतील. अर्धा डॉलर चालत नाही, म्हणून २१ लावून १४ किंवा २४ लावून १६ घ्या. पॉइंट चार असेल तर ३०. लक्षात ठेवायला सोपं: सहा-आठवर सहाच्या पटीत, पाच-नऊवर तीनच्या पटीत, चार-दहावर दोनच्या पटीत. पांढऱ्या चिपा लागतात त्या इथे.

पाटीवर ‘३-४-५ पट’ असं लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी दिसेल. आपल्या बाजूला त्याचा अर्थ एवढाच की कुठलाही पॉइंट असो, मूळ पैजेच्या सहापट ले करता येतात. १५ वर ९०. चारवर त्याचे ४५ मिळतील, पाचवर ६०, सहावर ७५.

या चिपा मूळ चिपांच्या शेजारी, थोड्या टेकवून तिरप्या ठेवायच्या असतात, म्हणजे डीलरला मूळ किती आणि ऑड्स किती ते वेगळं दिसतं. पहिल्या वेळी स्वतः रचत बसू नका. चिपा पुढे सरकवून ‘ऑड्स ऑन माय डोन्ट’ म्हणा आणि तो कसा ठेवतो ते बघा. एकदा बघितलं की येतं.

ले करावं का? कागदावर बघितलं तर हो. पूर्ण सहापट ले केलं तर लावलेल्या एकूण पैशांवर कॅसिनोचा वाटा ०.२७ टक्क्यांवर येतो. पण टक्का कमी झाला म्हणून तोटा कमी होत नाही. मूळ १५ डॉलरवरची सरासरी वीस सेंटांची कापणी होते तेवढीच राहते, फक्त आता शंभरच्या वर डॉलर पणाला असतात आणि पॉइंट आला तर ते सगळे जातात. चारवर ९० लावून ४५ मिळवण्यात तीनदा जिंकून दोनदा हरलात तर तुम्ही ४५ डॉलर मागे असता. ज्याच्या खिशात एका संध्याकाळचे तीनशे डॉलर आहेत त्याने ले करू नये, किंवा केलंच तर मूळ पैजेइतकं जिंकण्यापुरतं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ले केलेले ऑड्स मात्र केव्हाही काढून घेता येतात आणि त्यात तोटा नाही, कारण तिथे दोन्ही बाजू समान आहेत. घाबरलात तर ऑड्स काढा. मूळ चिपेला हात लावू नका.

डोन्ट कम

पॉइंट ठरल्यानंतर दुसरी डोन्ट पैज लावायची असेल तर तिची जागा ‘डोन्ट कम’. टेबलाच्या वरच्या कडेला, आकड्यांच्या रांगेच्या टोकाशी तो चौकोन असतो. तिथे चिप ठेवली की पुढची फेक हाच त्या चिपेचा कम-आउट. सात किंवा अकरा आला तर ती जाते, दोन-तीनला जिंकते, बाराला तशीच. दुसरा कुठला आकडा आला तर डीलर ती चिप उचलून त्या आकड्याच्या चौकोनामागच्या अरुंद खणात ठेवतो. मग त्या आकड्याआधी सात आला की जिंकलात. ऑड्स जोडायचे तर इथे चिपा डीलरकडे द्यायच्या आणि आकडा सांगायचा.

तीन आकड्यांवर चिपा पसरल्या की एकच सात सगळं एकदम जिंकवतो आणि तो क्षण फार मोहाचा असतो. त्याच्या उलट, शूटर आकड्यांवर आकडे टाकत सुटला की एकेक चिप गळत जाते आणि तुम्ही नवीन लावत राहता. मी डोन्ट पास धरून एका वेळी दोनपेक्षा जास्त पैजा ठेवत नाही. दोन्हींतली एक पडली तर त्या शूटरसाठी तिची जागा भरत नाही. यामुळे टक्केवारीत काही बदल होत नाही, पण एकाच माणसाच्या हातून सगळी संध्याकाळ जात नाही.

तसा हात, म्हणजे एकाच शूटरची लांबत गेलेली पाळी, खरोखर येतो. २००९ च्या मे महिन्यात अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत एका आजींनी आयुष्यात दुसऱ्यांदाच क्रॅप्स खेळताना फासे १५४ वेळा फेकले, ४ तास १८ मिनिटं सेव्हन आउट झालाच नाही. एका शूटरच्या हातात सरासरी साडेआठ फेकी असतात. त्या टेबलावर कुणी दर वेळी ‘आता सात येणारच’ म्हणून डोन्टवर पैसे दुप्पट करत गेला असता तर त्याचं काय झालं असतं याचा विचार करा. फाशांना मागचं आठवत नाही. पन्नास फेकी सात आला नाही तरी एक्कावन्नाव्या फेकीला त्याची शक्यता सहात एक इतकीच. डोन्टवाल्याला हाच भ्रम सगळ्यात लवकर होतो, कारण तो सगळा वेळ सातचीच वाट बघत असतो.

ज्याला हात लावायचा नाही

कम-आउटचा सात बोचतो म्हणून काही जण त्यावर विमा उतरवल्यासारखं मधल्या ‘एनी सेव्हन’वर थोडे डॉलर टाकतात. हिशोब करा. १५ डॉलरच्या डोन्ट पासवर कॅसिनोचा सरासरी वाटा २० सेंट. ३ डॉलरच्या एनी सेव्हनवर कॅसिनोचा वाटा १६.६७ टक्के, म्हणजे ५० सेंट. वीस सेंट वाचवायला पन्नास मोजायचे! स्टिकमन दर फेकीआधी या पैजांची जाहिरात करतो, ते त्याचं कामच आहे. अकराच्या पैजेलाही, तिथे ‘यो’ म्हणतात, ११.११ टक्के कापले जातात.

आकड्यावर थेट ‘ले बेट’ लावता येते, कम-आउटच्या धोक्याशिवाय. तिच्यावर जिंकण्याच्या रकमेच्या ५ टक्के दलाली द्यावी लागते. चार-दहावर ती धरून कॅसिनोचा वाटा २.४४ टक्के होतो, सहा-आठवर ४ टक्के. डोन्ट पास समोर असताना तिची गरज नाही.

फासे तुमच्याकडे आले तर

फासे टेबलाभोवती फिरतात, तुमची पाळी येणारच. स्टिकमन पाच-सहा फासे पुढे करतो, त्यातले दोन निवडायचे. नको असेल तर हाताने पुढच्या माणसाकडे खूण करा, त्यात काहीच कमीपणा नाही. फेकायचे असतील तर पास किंवा डोन्ट पासवर पैज हवी, आणि स्वतःच्या फेकीविरुद्ध लावलेली डोन्ट पासही चालते. एका हाताने उचला, फासे दोन्ही हातांतून फिरवू नका, समोरच्या भिंतीला लागतील असे फेका. मी स्वतः फासे पुढे देते. टेबलावरच्या दहाजणांचे पैसे माझ्या हातावर असताना मला त्यांच्याविरुद्ध उभं राहायला आवडत नाही. हे गणित नाही, माझी आवड आहे.

याच कारणाने सात आला की मी तोंडातून आवाज काढत नाही. स्टिकमन ‘सेव्हन आउट, पे द डोन्ट्स’ असं काहीसं म्हणतो, डीलर आधी बाकीच्यांच्या चिपा गोळा करतो आणि मग आपल्या शेजारी जिंकलेल्या ठेवतो. दोन्ही उचला, पुढच्या कम-आउटसाठी लागतील तेवढ्या ठेवा, बाकीच्या कठड्यातल्या खाचेत. शेजारचा माणूस काही बोललाच तर ऐकून सोडून द्या. तुमच्या पैजेने त्याचे फासे हललेले नसतात.

खिसा

१५ डॉलरच्या टेबलावर तासाला साधारण शंभर फेकी होतात, म्हणजे तीसएक पैजांचा निकाल. ऑड्स न जोडता खेळलात तर सरासरी तासाला सहा डॉलर कॅसिनोला जातात. पण सरासरी ही लांबची गोष्ट आहे. एका तासात ८० डॉलर वर किंवा खाली होणं अगदी नेहमीचं, आणि दीडशेचा फटकाही कधीतरी बसतो. मी मूळ पैजेच्या वीसपट, म्हणजे ३०० डॉलर, पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात घेऊन जाते. ते संपले की संपले. हॉटेलचं कार्ड, एटीएम, नवऱ्याचं पाकीट, यातलं काही मधे येऊ देत नाही. हे पैसे आधीच गेलेले धरूनच टेबलाशी जायचं. तसे धरता येत नसतील तर जायचंच नाही, आणि खेळ आवरत नसेल, कर्ज काढावंसं वाटत असेल, तर तो खेळ उरलेला नाही, घरी कुणाशी तरी बोलायची वेळ आहे.

भारतातून येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. वय २१ पूर्ण हवं आणि पासपोर्ट जवळ ठेवा, तरुण चेहऱ्याला हटकून विचारतात. दुसरी, स्लॉट मशिनवर परदेशी पाहुण्याला मोठा जॅकपॉट लागला तर ३० टक्के कर जागेवर कापतात. क्रॅप्स, रुलेट, ब्लॅकजॅक, बकारा या टेबलांवरच्या जिंकलेल्या पैशांवर अमेरिकेत परदेशी पाहुण्याला तो कर नाही. भारतातला कर मात्र वेगळा, तो तुमच्या सीएला विचारा. सराव म्हणून भारतात बसून पैसे लावून ऑनलाइन खेळायचा विचार करू नका, २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ तिथे बंद झाले आहेत. त्यापेक्षा वेगासमध्येच ‘बबल क्रॅप्स’ची यंत्रं शोधा. काचेच्या घुमटाखाली खरे फासे उडतात, पैज बोटाने पडद्यावर लावायची, किमान रक्कम कमी आणि बघणारं कुणी नाही. त्यावर अर्धा तास डोन्ट पास खेळून बघितलंत की टेबलावर हात कापणार नाही. मामांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच बसवलं.

निघताना खाचेतल्या सगळ्या चिपा दोन फेकींच्या मधे कापडावर ठेवा आणि ‘कलर अप’ म्हणा. डीलर मोजून मोठ्या रंगाच्या कमी चिपा देतो, त्या घेऊन कॅशियरच्या खिडकीवर जायचं. डीलरला एखादी लाल चिप ठेवायची पद्धत आहे. आणि उठण्याआधी डोन्ट पासच्या पट्टीकडे एकदा बघा. पॉइंट ठरलेला असेल आणि तुमची चिप तिथे असेल तर थांबा, निकाल लागू द्या, मगच निघा.